चेटकिणीचें लोणी

पाऊस थांबून एखादा दिवस लोटलेला असावा, डोंगरउतारावरील धुकें अजून पुरतें विरलेलें नसावें, आणि वाटेंत पडलेल्या एखाद्या वाळक्या फांदीवर अकस्मात् सोनेरी रंगाचा, सुरकुतलेला, बोट लावतांच थरथरणारा एक गोळा दृष्टीस पडावा, हा अनुभव युरोप, आशिया व उत्तर अमेरिका येथील डोंगराळ अरण्यांतून हिंडणारास वारंवार येतो. भोंवतालचें सर्व कांहीं तपकिरी, करडें आणि ओलेंचिंब असतें. त्यांत हा एकच जिन्नस असा झगझगीत कीं, कोणीं खळींत हळद कालवून ती फांदीवर ओतून ठेवली असावी असें वाटतें. हें फूल नव्हे, फळ नव्हे, झाडाचा डिंकही नव्हे. ही एक बुरशी आहे. भूछत्र, अळंबें, शिळ्या भाकरीवरील पांढुरकी लव, हीं सर्व जिच्या गोतांतलीं, त्याच विशाल कुळांतील ही एक लिबलिबीत शाखा होय.

इंग्रज खेडुतांनीं या गोळ्यास ‘चेटकिणीचें लोणी’ असें नांव दिलें आहे. घराच्या दारावर किंवा फाटकाच्या लांकडावर हा पिवळा लपका उगवला म्हणजे घरावर कोणी करणी केली, अशी समजूत युरोपांत कोठें कोठें असल्याचें सांगतात. त्यास टांचण्यांनीं टोंचून आंतला रस काढून टाकला कीं करणी उतरते, असा तोडगाही त्याबरोबर सांगितला जातो. विद्वानांनीं दिलेलें नांवही दिसण्यावरूनच पडलेलें आहे. स्वीडनमधील शास्त्रज्ञ रेत्झियस यानें १७६९ सालीं या जातीस ‘ट्रेमेला मेसेंटेरिका’ असें म्हटलें. पहिल्या शब्दांत थरथरण्याचा भाव आहे, तर दुसरा शब्द आंतड्यांच्या वळ्यांची आठवण करून देतो. त्यापूर्वीं, १७५३ सालीं, लिनीयसनें ‘ट्रेमेला’ हें नांव योजिलें होतें, तें शेवाळांच्या वर्गांत.

खेडुतानें दिसण्यावरून तिला करणी मानलें. पंडितानें दिसण्यावरून तिच्या गोताला शेवाळांच्या पंक्तीस बसविलें. आणि पुढें दीर्घ काळपर्यंत, ती लांकडावर उगवते म्हणून लांकूडच खात असली पाहिजे, असें गृहीत धरण्यांत आलें. हे तिन्ही तर्क चुकीचे ठरले. या बुरशीचें खरें चरित्र तिच्याकडे एकटीकडे पाहून कळत नाहीं. तिच्या सोबतीला कोण आहे हें पाहिलें म्हणजेच तें उलगडतें.

प्रथम तिच्या देहाचा विचार करूं. सब्जाचें बीं किंवा अळीव पाण्यांत टाकलें असतां त्याच्याभोंवतीं जसा बुळबुळीत थर फुगतो, तशाच प्रकारचा पदार्थ या बुरशीच्या देहांत भरलेला असतो. बुरशीचे सूक्ष्म तंतु विरळ पसरलेले असतात आणि त्यांच्यामधील सर्व जागा एका शर्कराजन्य, जलशोषक द्रव्यानें व्यापलेली असते. या गोळ्यांत वजनानें मुख्य भाग पाण्याचाच. ऊन पडलें कीं तें पाणी उडून जातें आणि चारपांच अंगुळें पसरलेला गोळा नखाएवढ्या, नारिंगी, कठीण पापुद्र्यांत आकसतो. पाहणारास वाटतें, संपला. परंतु पुन्हां पाऊस पडला कीं कांहीं तासांत तो पापुद्रा पूर्ववत् फुगतो आणि आपलें काम जेथें थांबलें होतें तेथून पुढें चालूं करतो. मांसल भूछत्र दोनचार दिवसांत कुजून नाहींसें होतें. ही बुरशी मात्र ऊन आणि पाऊस यांचे अनेक फेरे सोसून राहते. थंडीच्या दिवसांत, इतर अळंबीं दिसेनाशीं झालीं असतांही ती आढळते, याचें कारण हेंच. तिचा सोनेरी रंग गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्याच जातीच्या द्रव्यांनीं आलेला असतो.

तिचें काम म्हणजे बीजाणु उडविणें. भूछत्राच्या टोपीखालीं पडदे असतात व बीजाणु त्यांवर तयार होतात. चेटकिणीच्या लोण्यास टोपी नाहीं आणि पडदेही नाहींत, त्याच्या सर्व बाह्य पृष्ठभागावर बीजाणु पिकतात. १८५३ सालीं फ्रान्समधील त्युलान या संशोधकानें सूक्ष्मदर्शकाखालीं या गोळ्याची रचना तपासून दाखविली. बीजाणु प्रसवणारी पेशी येथें उभ्या भिंतींनीं चार कप्प्यांत विभागलेली असते, आणि प्रत्येक कप्प्यांतून एक लांब नळी चिकट थर भेदून हवेंत डोकावते. त्या नळीच्या टोंकावर एकेक बीजाणु धरतो. त्याच्या बुडाशीं पाण्याचा एक अतिसूक्ष्म थेंब जमतो, तो बीजाणूच्या अंगावरील ओलाव्यांत एकदम मिसळतो, आणि त्या धक्क्यानें बीजाणु हवेंत फेंकला जातो. बुरशांच्या या थेंबाचा बारकाईनें अभ्यास करणारे बुलर (१८७४-१९४४) यांचेंच नांव त्या थेंबास मिळालें आहे. बीजाणु उडतो तो एका मिलिमीटरच्या आंतच. पुढील प्रवास वाऱ्याचा.

आतां मुख्य प्रश्न: ही बुरशी खाते काय? ज्या फांदीवर ती दिसते ती फांदी बहुधा रुंद पानांच्या झाडाची असते, आणि नुकतीच मेलेली असते. फांदी मरत चालली आहे आणि तिच्यावर हा गोळा आहे, तेव्हां यानेंच ती मारली असावी, असें मनांत येणें स्वाभाविक आहे. बागवान अशी फांदी पाहून झाडाच्या काळजींत पडतात. परंतु तीच फांदी उलटून पाहिली, साल थोडी सोलली, तर पुष्कळदां आणखी एक रहिवासी तेथें सांपडतो. गुलाबी, करडा किंवा विटकरी रंगाचा, सालीला लिंपल्यासारखा चिकटलेला एक पातळ थर असतो. त्याचें नांव पेनिओफोरा. ही दुसरी बुरशी आहे, आणि लांकूड खाणारी तीच आहे. मेलेल्या फांदीच्या आंत तिचें तंतुजाल सर्वत्र पसरलेलें असतें.

सोनेरी ट्रेमेला या पेनिओफोरावर जगते. तिच्या तंतूंवर विशिष्ट पेशी येतात. त्यांना अत्यंत बारीक धागे फुटतात आणि ते धागे पेनिओफोराच्या तंतूंना जाऊन भिडतात. त्या मार्गानें तिला आयतें अन्न मिळतें. १९९४ सालीं जर्मनींतील संशोधकांनीं ट्रेमेलाच्या कांहीं जाति दुसऱ्या बुरशांवर उपजीविका कशी करतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि लांकूड खाणारी म्हणून शेंदोनशें वर्षें मानलेली ही बुरशी वस्तुतः लांकूड खाणारीस खाणारी आहे, हें मत दृढ झालें. झाडाशीं तिचें वैर नाहीं. फांदी आधींच मेलेली असते. पेनिओफोरा ती पोखरीत असते. आणि पेनिओफोराच्या कमाईवर ट्रेमेला आपला सोनेरी संसार थाटते. बागवानानें तो गोळा खरवडून काढला, तरी फांदी जगत नाहीं आणि झाडाचा लाभही होत नाहीं.

येथें एक सावधगिरी राखावी लागते. सोनेरी दिसणारा प्रत्येक लिबलिबीत गोळा ट्रेमेलाच असतो असें नाहीं. पाइन, स्प्रूस यांसारख्या सूचिपर्णी झाडांच्या पडलेल्या खोडांवर हुबेहुब असाच, किंचित् अधिक नारिंगी गोळा आढळतो. त्याचें नांव डॅक्रिमायसिस, म्हणजे ‘अश्रु-बुरशी’. ही मात्र खरोखरीच लांकूड खाते. लांकडांतील तंतुमय भाग ती पचविते व तपकिरी भाग मागें ठेवते, म्हणून तें लांकूड कालांतरानें विटकरी होऊन चौकोनी तुकड्यांनीं ढासळूं लागतें. सूक्ष्मदर्शकाखालीं दोघींचा भेद तत्काळ कळतो. डॅक्रिमायसिसची बीजाणु धरणारी पेशी दोन बेचक्यांच्या काटक्यासारखी असते, तर ट्रेमेलाची चार कप्प्यांची. तिसरी एक सोनेरी जात, नॅमेटेलिया ऑरँशिया, ही स्टेरियम नांवाच्या, केसाळ नारिंगी पंख्यासारख्या दिसणाऱ्या बुरशीवर पोसते. ते पंखे शेजारींच दिसतात. रंग एक, स्पर्श एक, पण वृत्ति तीन प्रकारच्या. ज्यास सूक्ष्मदर्शक लाभत नाहीं त्यानेंही लांकूड कोणाचें आणि शेजारीं कोण, हे दोन प्रश्न विचारले, तर बहुतेक वेळां अचूक ओळख पटते.

सोबत्याचें महत्त्व रानांतल्या अभ्यासापुरतेंच असतें, तर तें विद्वानांवर सोंपवितां आलें असतें. पण चीनमधील हजारों शेतकऱ्यांच्या चुलीशीं त्याचा संबंध जडलेला आहे. ट्रेमेलाचीच एक बहीण शुभ्र असते. तिला चीनमध्यें ‘रुपेरी कान’ म्हणतात. साखरपाण्यांत शिजवून तिचें गोड सार करण्याची तेथें चाल आहे, आणि पूर्वीं ती दुर्मिळ असल्यामुळें श्रीमंतांच्याच पानांत पडे. शास्त्रीय जगतांत तिचें वर्णन १८५६ सालीं इंग्लंडच्या बर्कली यानें केलें, तेंही चीनमधील नव्हे, तर स्प्रूस या संशोधकानें ब्राझीलमध्यें गोळा केलेल्या नमुन्यांवरून.

चीनच्या डोंगराळ भागांत एकोणिसाव्या शतकापासून तिची लागवड करण्याचे प्रयत्न चालले होते. शेतकरी योग्य झाडांचे ओंडके तोडून दमट जागीं रचून ठेवीत, आणि ‘कान’ फुटतील अशा आशेनें वाट पाहत. कधीं पीक येई, कधीं येतच नसे. एका रानांत भरभराट, शेजारच्या रानांत कांहींच नाहीं. पुढें ओंडक्यांवर बीजाणु व तंतु पेरण्यास प्रारंभ झाला, तरीही यशाची शाश्वति नव्हती. कारण आतां उघड आहे. ते एकटी ट्रेमेला पेरीत होते. ती ज्या बुरशीवर जगते, ती काळसर अॅन्युलोहायपोझायलॉन, ओंडक्यांत योगायोगानें असली तर पीक येई, नसली तर ओंडका वायां जाई. ज्या काळ्या बुरशीकडे कोणी ढुंकूनही पाहिलें नसतें, तीच पिकाची खरी जननी होती. ही गोष्ट उमगल्यावर दोन्ही बुरशा एकत्र पेरण्याची पद्धति निघाली. फूजियान प्रांतांतील गूत्येन या भागांत १९६०नंतरच्या काळांत ती रूढ झाली, आणि भुश्शाच्या पिशव्यांत आज रुपेरी कानाचें पीक खात्रीनें काढलें जातें. श्रीमंतांचा पदार्थ सामान्यांच्या घरीं पोहोंचला, तो या एका जाणिवेमुळें.

युनानच्या पर्वतांतील ‘सोनेरी कान’ याहून विलक्षण आहे. त्याचें शास्त्रीय वर्णन बॅन्डोनी आणि झांग या दोघांनीं १९९० सालीं केलें. बाहेरून तो एकसंध सोनेरी गोळा दिसतो. पण कापून पाहिला तर आंतला गाभा फिका व घट्ट लागतो. तो गाभा बव्हंशीं यजमान स्टेरियमच्या तंतूंचा असतो आणि सोनेरी थर पाहुण्याचा. बाजारांत एका नांवानें विकला जाणारा हा जिन्नस म्हणजे दोन जीवांचा मिळून झालेला एक देह आहे.

स्वयंपाकघरापुरती एक सूचना येथेंच देणें इष्ट. चेटकिणीचें लोणी विषारी मानलें जात नाहीं, पण त्यास चवही नाहीं. आणि नुसत्या रंगावरून रानांतली कोणतीही बुरशी खाण्याचें धाडस कोणींही करूं नये. बाजारांतून आणलेला सुका रुपेरी कान खाण्यास योग्य असला, तरी तो भिजवून उबदार जागीं दीर्घ वेळ ठेवला, तर त्यांत एक जातीचे जंतु वाढूं शकतात. त्यांचें विष शिजवूनही नाहींसें होत नाहीं, आणि त्यानें चीनमध्यें माणसें दगावलेलीं आहेत. तेव्हां लागेल तेवढाच भिजवावा आणि लगेच शिजवावा. हा नको असलेला सोबती ओळखणेंही तितकेंच आवश्यक आहे.

सोबत्याच्या या कथेचा आणखी एक अध्याय आहे, आणि तो रानापासून रुग्णालयापर्यंत जातो. ट्रेमेलाचा बीजाणु रुजला कीं लगेच तंतु फुटतो असें नाहीं. प्रथम तो पावाच्या यीस्टप्रमाणें कळ्या काढून वाढतो. असल्या एकपेशी जीवांची वस्ती होते. गोळा तयार होण्यापूर्वीं दोन भिन्न प्रकारच्या पेशींचा संयोग व्हावा लागतो. त्या पेशींना डोळे नाहींत, पाय नाहींत. मग जोडीदार जवळ आहे हें त्यांना कसें कळावें? प्रत्येक पेशी भोंवतालच्या ओलाव्यांत एक द्रव्य सोडते. दुसऱ्या प्रकारच्या पेशीला त्याची चाहूल लागली कीं ती कळ्या काढणें थांबविते आणि संयोगासाठीं एक नळी पुढें काढते.

हें द्रव्य कोणतें, याचा शोध जपानी रसायनज्ञांनीं घेतला. १९८१ सालापर्यंत त्यांनीं चेटकिणीच्या लोण्याच्या अशा दोन संदेशद्रव्यांची रचना उलगडली. तीं ॲमिनो आम्लांच्या आंखूड साखळ्या निघाल्या. पण प्रत्येकीच्या टोंकाला पंधरा कार्बनांची एक तेलकट शेंपटी जोडलेली होती. १९७८ सालीं एका लाल यीस्टच्या संदेशद्रव्यांतही तशीच शेंपटी सांपडली होती. प्रथिनाला अशी शेंपटी जोडली जाते, ही गोष्ट तोंवर कोणाच्या ध्यानीं आलेली नव्हती, आणि ती बुरशांचीच कांहीं विचित्र लहर असावी असें वाटण्याजोगें होतें. परंतु त्या दशकाच्या अखेरीस माणसाच्या व इतर सस्तन प्राण्यांच्या पेशींतील महत्त्वाच्या प्रथिनांवरही तीच शेंपटी आढळली. ती जोडली जाऊं नये अशीं औषधें शोधण्याचा प्रयत्न तेव्हांपासून सुरू झाला; उद्देश होता कर्करोगावर उपाय करण्याचा.

त्यांतील एका औषधानें भलतीकडेच उपयोग सिद्ध केला. प्रोजेरिया नांवाचा एक अत्यंत दुर्मिळ रोग आहे. त्यांत लहान मुलाचें शरीर अकालीं वृद्ध होतें, केस गळतात, रक्तवाहिन्या कठीण होतात, आणि उपचाराविना तें मूल सरासरीनें चौदापंधरा वर्षांचें आयुष्य जगतें. या रोगाचें मूळ २००३ सालीं सांपडलें: पेशीच्या केंद्रकांतील एका प्रथिनावरील ती तेलकट शेंपटी निघून जावयास हवी असते, ती निघतच नाहीं, आणि तें सदोष प्रथिन केंद्रकाच्या भिंतीला चिकटून राहतें. शेंपटी जोडण्याचें कार्य रोखणारें लोनाफार्निब हें औषध अमेरिकेंत नोव्हेंबर २०२० मध्यें प्रोजेरियासाठीं मान्य झालें. त्या रोगासाठीं मान्यता मिळालेलें तें पहिलेंच औषध. त्यानें रोग बरा होत नाहीं. मुलांचें आयुष्य सरासरी सुमारें अडीच वर्षांनीं वाढतें. चेटकिणीच्या लोण्यांतून हें औषध निघालें, असें म्हणणें चूक होईल. परंतु जी शेंपटी पुढें इतकी महत्त्वाची ठरली, तिची पहिली ओळख करून देणाऱ्या दोनतीन जीवांपैकीं ही बुरशी एक आहे, आणि ती ओळख झाली ती ‘पेशी आपला सोबती कसा शोधते’ या साध्या कुतूहलापोटीं. त्या कुतूहलाला त्या वेळीं कोणी व्यवहारोपयोगी म्हटलें नसतें.

आतां पुन्हां त्या वाळक्या फांदीकडे वळूं. फांदी नसती तर पेनिओफोरा नसती. पेनिओफोरा नसती तर सोनेरी गोळा नसता. मेलेलें लांकूड हा या सर्व संसाराचा पाया आहे. फिनलंडच्या अरण्यांत चार ते पांच हजार जातींचे जीव कोणत्या ना कोणत्या रीतीनें मृत लांकडावर अवलंबून आहेत, म्हणजे तेथील अरण्यवासी जातींचा जवळजवळ चौथा हिस्सा. रान स्वच्छ दिसावें म्हणून पडलेलें प्रत्येक खोड आणि काटकी उचलून नेली, तर रान नीटनेटकें होतें, पण हा हिस्सा बेघर होतो. युरोपांतील अनेक देशांत अलीकडे कांहीं पडझड मुद्दाम रानांत राहूं देण्याचें धोरण स्वीकारण्यांत आलें आहे, तें यामुळेंच.

महाराष्ट्रास ही कल्पना अपरिचित नाहीं. सह्याद्रीच्या कुशींतील कितीतरी देवरायांत पडलेली काटकीही उचलूं नये असा जुना निर्बंध आहे. त्या निर्बंधामागील भावना देवाच्या धाकाची असो वा आदराची असो, त्याचा एक परिणाम असा झाला कीं मेलेलें लांकूड जागच्या जागीं राहिलें. सह्याद्रीच्या ओल्या रानांत पावसाळ्यांत सडक्या ओंडक्यांवर नारिंगी-पिवळ्या रंगाच्या, एखाद्या इंचाच्या, चमच्यासारख्या पसरट लिबलिबीत बुरशीचे थवे उगवतात. तिचें नांव डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथुलेरिया. अश्रु-बुरशीची ती नातेवाईक, म्हणून लांकूड खाणारी. तिच्यापासून काढलेलीं स्निग्ध शर्कराद्रव्यें पेयें नासूं नयेत म्हणून वापरण्यास युरोपीय संघानें २०२२ सालीं मान्यता दिली आहे.

पावसाळ्यांत डोंगरावर जाणारास असा सोनेरी तुकडा दिसला, तर त्यानें तो उपटून घेण्याची घाई करूं नये. फांदी कोणत्या झाडाची, ती झाडावर आहे कीं जमिनीवर, तिच्या खालच्या अंगास आणखी कोणता थर चिकटलेला आहे, शेजारीं कोणते पंखे उगवले आहेत, हें प्रथम पाहावें, आणि फांदी होती तशीच ठेवून द्यावी. पुढच्या पावसानंतर तोच गोळा पुन्हां फुगलेला आढळण्याचा पुष्कळ संभव आहे.